लिली माँटेग्यू यांची सेवा

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचे नाव वाचकांनी ऐकलेच असेल. त्या भारतमंत्री माँटेग्यूसाहेबांच्या थोरल्या भगिनी लिलीबाई यांचे चरित्र आज आम्ही सांगतो.

बाईंचा जन्म २२ डिसेंबर १८७३ चा, लंडनच्या एका श्रीमंत यहुदी पेढीवाल्याच्या घरचा. पण मन ऐश्वर्यात रमेना. १८९३ साली त्यांनी कष्टकरी मुलींसाठी मंडळ काढलं. दिवसभर राबून थकलेल्या पोरी तिथे शिकत, प्रार्थना करीत. पण हिब्रू प्रार्थना कळायची किती जणींना? देवाला हाक मारायची ती आपल्या बोलीत, हे ज्ञानोबामाउलींच्या लेकरांना वेगळं सांगायला नको. १९०२ साली बाईंनी क्लॉड माँटेफिओरे यांच्यासह नवा उपासनासंघ उभा केला. तिथे पुष्कळशी प्रार्थना इंग्रजीत होई.

वडील कर्मठ, त्यांना हे मुळीच रुचलं नाही. एकीकडे बाप, एकीकडे देवाची ओढ! बाईंनी बापाचा आदर सोडला नाही, अन् कामही सोडलं नाही. १९१८ साली त्या प्रार्थनामंदिरात प्रवचनाला उभ्या राहिल्या. १९२८ साली बर्लिनमध्येही. १९४१ च्या बाँबहल्ल्यात मंडळाची इमारत कोसळली, माणसं दगावली. तरी सेवा थांबली नाही.

त्यांच्याच प्रेरणेने डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ साली मुंबईत आपल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल बांधवांसाठी असाच संघ काढला.

२२ जानेवारी १९६३ रोजी बाईंनी देह ठेवला. पंथ निराळा, पण भाव तोच. अशा माउलीला आमचा दंडवत.