क्लॉड रेन्स
विल्यम क्लॉड रेन्स (१० नोव्हेंबर, १८८९:लंडन, इंग्लंड - ३० मे, १९६७:न्यू हॅम्पशायर, अमेरिका) हे हॉलिवूडमधील ब्रिटिश चरित्र अभिनेते होते. त्यांच्या उच्चारांत लहानपणी दोष होता. नाट्यनिर्माते हर्बर्ट बीअरबोम ट्री यांच्या साहाय्याने त्यांनी तो घालवला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूमुळे त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. चाळिशीनंतर मिळालेल्या द इनव्हिजिबल मॅन (१९३३) या चित्रपटात त्यांचा चेहरा केवळ अखेरच्या क्षणी दिसतो. तोवर सारी भूमिका त्यांनी आवाजावर, तोही एकेकाळी सदोष असलेल्या, पेलली. कासाब्लांका (१९४२) मधील लाचखाऊ पण लाघवी पोलीस अधिकारी विशेष गाजला. सहाय्यक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी त्यांना चार नामांकने मिळाली. पुरस्कार एकदाही नाही.