गुणगुण थांबवणारे सेथ लव्हर

विजेची गिटार वाजवणारे कोणी घरात असेल, तर एक मागणी कधी ना कधी कानावर येतेच. गिटार बरी आहे, पण तिचे पिकअप बदलायचे आहेत, आणि नवे पिकअप हवेत ते जुन्या पद्धतीचे! ‘विंटेज’ हा शब्द उच्चारला की किंमत दुपटीने वाढते आणि पैसे देणाऱ्याला कळत नाही की नव्या वस्तूत जुने काय विकत घ्यायचे. या गोंधळाच्या मुळाशी एक शांत स्वभावाचे इंजिनिअर आहेत. गिटारवादकांच्या जगात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्या जगाबाहेर ते फारसे कोणाला ठाऊक नाही. त्यांचे नाव सेथ लव्हर.

लव्हर यांचा जन्म 1 जानेवारी 1910 रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कालामाझू या गावी झाला. त्या काळी रेडिओ ही तरुणांना वेड लावणारी नवी विद्या होती आणि लव्हर त्याच विद्येतून घडले. गिब्सन ही वाद्ये बनवणारी कंपनी त्यांच्याच गावात होती. 1941 मध्ये ते तिथे विद्युत विभागात कामाला लागले. मग युद्ध आले. काही वर्षे अमेरिकन नौदलात इलेक्ट्रॉनिक्सचे काम, मध्येच पुन्हा गिब्सन, पुन्हा नौदल, असे करता करता 1952 मध्ये ते कंपनीत स्थिरावले. वय बेचाळीस. त्यांचे मुख्य काम अ‍ॅम्प्लिफायरचे, आणि त्यांच्या हातून सर्वांत टिकाऊ ठरलेली वस्तू नेमकी या कामाच्या ओघात सुचली.

ती समजून घ्यायची तर आधी पिकअप म्हणजे काय ते पाहायला हवे. गिटारच्या पोलादी तारांखाली एक चुंबक असतो आणि त्याच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात क्षीण वीज निर्माण होते. हाच फॅरेडे यांचा शाळेत शिकलेला नियम. ही वीज अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मोठी केली की सूर ऐकू येतो. अडचण अशी की वेटोळ्याला निवड करता येत नाही. जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे, ट्यूबलाइटच्या चोकचे, भिंतीतल्या वायरिंगचे बदलते चुंबकीय क्षेत्रही ते तितक्याच निष्ठेने पकडते. अमेरिकेतली वीज सेकंदाला 60 वेळा हेलकावते, आपल्याकडची 50 वेळा. स्पीकरमधून अखंड घूंऽऽ ऐकू येते ते या हेलकाव्यांचे आणि त्यांच्या पटींचे. कर्णयंत्र वापरणाऱ्यांना हा आवाज ओळखीचा असेल. यंत्रातला ‘टी’चा खटका दाबला की आतले असेच एक छोटे वेटोळे जागे होते आणि ट्यूबलाइटखाली उभे राहिले की गुणगुणू लागते.

गिब्सनच्या त्या वेळच्या पिकअपमध्ये एकच वेटोळे होते आणि ते गुणगुणत असे. अ‍ॅम्प्लिफायरमधले चोक हेही तारेचे वेटोळेच, त्यालाही तोच रोग. एका अ‍ॅम्प्लिफायरसाठी लव्हर यांनी गुणगुण मारणारा चोक बनवला होता. तिथे जे जमले ते पिकअपमध्ये का जमू नये, असा त्यांनी विचार केला.

त्यांनी दोन वेटोळी शेजारी ठेवली आणि विजेच्या दृष्टीने ती एकमेकांच्या उलट जोडली. दूरवरून येणारी गुणगुण दोन्ही वेटोळ्यांत सारखीच शिरते. एकीत ती अधिक होते त्या क्षणी दुसरीत उणे, आणि बेरीज जवळजवळ शून्य. पण एवढ्यावर थांबले तर गिटारचा सूरही शून्य होईल! म्हणून चुंबकाची टोकेही उलटी. एकच चपटा चुंबक दोन वेटोळ्यांच्या मध्ये खाली ठेवायचा. त्याचे उत्तर टोक एका वेटोळ्यातल्या खिळ्यांना लागते, दक्षिण टोक दुसऱ्यातल्या स्क्रूंना. सुराच्या बाबतीत उलट्याचे उलट म्हणजे सुलट, त्यामुळे सूर दोन्हीकडून मिळून वाढतो. गुणगुणीचा या चुंबकाशी संबंध नसतो, तिचे एकदाच उलट होते आणि ती मरते. इंग्रजीत ‘हम’ म्हणजे गुणगुण, तिला रोखणारा म्हणून हा हमबकर.

बारकावेही लव्हर यांच्या स्वभावाला धरून होते. पिकअपवर धातूचे झाकण हवे होते, पण पितळ विजेचे चांगले वाहक. त्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि सुरातले तेज कमी होते. स्टेनलेस स्टीलला डाग देणे कठीण. शेवटी त्यांनी जर्मन सिल्व्हर निवडले. तांबे, निकेल आणि जस्त यांचा हा मिश्रधातू, नावापुरतीच चांदी. (आपल्या घरातल्या ‘जर्मन’च्या पातेल्याशी याचा संबंध नाही, ते ॲल्युमिनियम.) गंमत स्क्रूंची. लव्हर यांच्या मूळ नमुन्यावर ते नव्हते, कारण त्यांना त्यांची गरज वाटत नव्हती. विक्री विभागाला मात्र दुकानदारांना दाखवायला काहीतरी हवे होते. आज त्या सहा स्क्रूंवरूनच लोक हमबकर ओळखतात.

22 जून 1955 रोजी पेटंटसाठी अर्ज गेला. दोन वेटोळ्यांनी गुणगुण मारण्याची कल्पना अगदी कोरी नव्हती. 1930 च्या दशकातली काही पेटंटे तिच्या आसपास जात होती. त्यामुळे कागद पुढे सरकायला चार वर्षे लागली आणि 28 जुलै 1959 रोजी पेटंट मिळाले, कंपनीच्या नावे. रे बट्स या दुसऱ्या गृहस्थांनी ग्रेच कंपनीसाठी स्वतंत्रपणे असाच पिकअप बनवला होता. त्यांचेही पेटंट त्याच उन्हाळ्यात मंजूर झाले. अर्ज पडून होता त्या काळात, म्हणजे 1957 पासून, गिब्सनने पिकअपच्या पाठीवर पेटंटसाठी अर्ज केला आहे असे सांगणारी छोटी काळी पट्टी चिकटवली. त्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे पी.ए.एफ. पुढे पट्टीवर पेटंटचा क्रमांक आला, तोही चुकीचा! तो होता लेस पॉल यांच्या तारा अडकवण्याच्या पट्टीच्या पेटंटचा. स्पर्धकांना चकवण्यासाठी तसे केले, असे पुष्कळ जण मानतात.

गंमत म्हणजे त्या गिटारी तेव्हा फारशा खपल्या नाहीत. 1958 ते 1960 या काळात सूर्यास्ताच्या रंगाच्या लेस पॉल गिटारी जेमतेम दीड हजार निघाल्या आणि मग त्या आकाराची गिटारच बंद झाली. 1966 मध्ये एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्या वाद्यवृंदासोबत अशी एक गिटार मोठ्या आवाजातल्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून ध्वनिमुद्रण केले आणि सगळ्यांना तोच सूर हवासा झाला. जुन्या गिटारींतून पिकअप काढून विकले जाऊ लागले, खोट्या पट्ट्या छापल्या जाऊ लागल्या. 1970 च्या दशकात लॅरी डिमार्झिओ आणि सेमूर डंकन यांनी बदली पिकअपचा स्वतंत्र धंदाच उभा केला.

आता मुद्द्याचे. पी.ए.एफ.चा एक ठरावीक आवाज होता का? तसा नव्हता. आराखडा एक, पण कारखान्यात वेढे मोजण्याची पद्धत ढिली होती. प्रत्येक वेटोळ्यात सुमारे पाच हजार वेढे अपेक्षित. प्रत्यक्षात रीळ भरलेले दिसले की कामगार यंत्र थांबवत. त्यामुळे कुठे कमी, कुठे जास्त. चुंबकही हाताशी असेल तो, कधी अल्निको दोन, कधी चार, कधी पाच. एकाच वर्षातले दोन पिकअप सारखे वाजत नसत, आणि दोन वेटोळ्यांतले वेढे असमान असतील तर गुणगुण पुरती मरत नसे, पण सुरात थोडे जास्त तेज राही. आज ज्याला जादू म्हणतात त्यातली बरीचशी या सैलपणातून आलेली आहे. लव्हर यांच्या गणितात तो सैलपणा धरलेला नव्हता.

म्हणून बदली पिकअप घेताना नुसता ओहमचा आकडा पाहू नये. दुकानात मल्टिमीटर लावून आठ हजार ओहम म्हणजे जुना, चौदा हजार म्हणजे जोरदार, असे सांगतात. पण तार बारीक घेतली तर तेवढ्याच वेढ्यांत रोध वाढतो. शिवाय तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.4 टक्के चढतो. 20 अंशांना आठ हजार ओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यात नागपूरच्या 43 अंशांत आठ हजार सातशेच्या वर जाईल. ज्या फरकासाठी लोक रात्र रात्र वाद घालतात, त्याहून हा मोठा!

त्यापेक्षा चार गोष्टी विचाराव्यात. चुंबक कोणता? अल्निको दोन मऊ, अल्निको पाच अधिक ठाशीव. झाकण जर्मन सिल्व्हरचे की मुलामा दिलेल्या पितळेचे? स्वस्त पिकअपचा आवाज अनेकदा पितळी झाकणाने मंदावतो. वेटोळी मेणात बुडवलेली आहेत का? जुनी नव्हती. त्यामुळे त्यांचा आवाज मोकळा, पण मोठ्या आवाजात ती शिट्टी वाजवू लागतात. घरातल्या गोंगाटी मुलासाठी मेणाचीच घ्यावीत. आणि स्क्रूंमधले अंतर आपल्या गिटारच्या तारांशी जुळते का? याआधी एक फुकटचा उपाय मात्र करून पाहावा. पिकअपच्या दोन बाजूंचे स्क्रू फिरवून तो तारांपासून थोडा खाली न्यावा. आवाज कोंदट वाटतो म्हणून पिकअप बदलायला निघालेल्या कित्येकांचे काम इथेच भागते.

लव्हर यांनी 1967 मध्ये गिब्सन सोडली आणि कॅलिफोर्नियात फेंडर कंपनीत गेले. पगार अधिक होता. तिथे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणखी एक हमबकर बनवला. त्यात तांबे, निकेल आणि लोखंड यांच्या ‘क्युनिफे’ नावाच्या चुंबकीय धातूचे स्क्रू होते. हा धातू कापता येतो, त्यावर आटे पाडता येतात, म्हणून प्रत्येक स्क्रू हाच एक चुंबक. पुढे हा धातू मिळेनासा झाला. नंतरच्या नकलांनी झाकण हुबेहूब तसेच ठेवले आणि आत साधा पट्टीचुंबक बसवला. दिसायला तोच, वाजायला दुसरा. फेंडरने खऱ्या क्युनिफेचे पिकअप 2020 मध्ये पुन्हा काढले, तेव्हा कुठे आतले आणि बाहेरचे जुळले. जुन्या पद्धतीचा पिकअप घेणाऱ्याने हा किस्सा लक्षात ठेवून झाकणाखाली काय आहे ते विचारावे.

1975 मध्ये लव्हर निवृत्त झाले. 1994 मध्ये सेमूर डंकन यांनी त्यांच्याबरोबर बसून मूळ हमबकर पुन्हा घडवला: अल्निको दोनचा चुंबक, साध्या इनॅमलची तार, जर्मन सिल्व्हरचे झाकण आणि मेण नाही. तीन वर्षांनी, 31 जानेवारी 1997 रोजी, कॅलिफोर्नियातल्या गार्डन ग्रोव्ह येथे लव्हर यांचे वयाच्या 87 व्या वर्षी निधन झाले. 1957 च्या पिकअपच्या पाठीवर नुसती अर्ज केल्याची पट्टी होती. 1994 चा पिकअप त्यांच्या नावाने दुकानात आला आणि आजही त्याच नावाने मागता येतो.