नागपूरचे अप्पासाहेब भोसले

नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यात मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब यांचे चरित्र जितके हृदयद्रावक, तितकेच बोधप्रद आहे. दुसऱ्या रघूजींचे बंधू व्यंकोजी यांचे ते पुत्र. सन १८१६ मध्ये रघूजी निवर्तले. त्यांचे पुत्र परसोजी दुर्बल असल्याने कारभार कोणी पाहावा, याविषयी घरात तंटा माजला. आपला पक्ष बळकट करण्याकरिता अप्पासाहेबांनी त्याच वर्षी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. पुढील वर्षी परसोजींचा अंत झाला. संशय अप्पासाहेबांवर आला आणि गादीही त्यांसच मिळाली.

व्यापारास आलेल्या कंपनीने हिंदुस्थानात साम्राज्य उभारले ते याच रीतीने: फौज तिची, खर्च संस्थानिकाचा. हा पाश असह्य होताच अप्पासाहेब पेशव्यांकडे वळले. दिनांक २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीवर घनघोर लढाई होऊन भोसल्यांचा पराभव झाला. १८१८ मध्ये अप्पासाहेबांना कैद करून अलाहाबादेकडे नेत असता ते वाटेतून निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्यांस आसरा दिला. पुढे पंजाबात भटकंती करून अखेर ते जोधपूरला मानसिंग महाराजांच्या आश्रयास राहिले व तेथेच १८४० साली निवर्तले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्यही खालसा झाले.

सीताबर्डीवर तोफा धडाडण्यापूर्वीच, १८१६ च्या त्या तहाने, राज्याचा पाया खचला होता. घरचा तंटा परक्याच्या दारी नेला की निवाडा करणाराच घरधनी होतो, हे ज्ञातिबांधवांनी विसरू नये.