पास्कल आणि त्याचें गणितयंत्र

प्रश्नांचीं उत्तरें देणारीं यंत्रें आज तुम्ही नित्य पाहतां. अशा यंत्रांना सुखदुःख कळेल काय, असें वर्गांत मुलें वारंवार विचारतात. ज्या पुरुषानें हिशेब करणारें यंत्र आपल्या तरुणपणींच घडविलें, त्याचें चरित्र या प्रश्नाच्या विचारास उपयोगी पडेल.

ब्लेझ पास्कल याचा जन्म फ्रान्स देशांतील क्लेरमाँ गांवीं ता. १९ जून १६२३ रोजीं झाला. तो तीन वर्षांचा असतांच त्याची आई वारली. वडील एतिएन यांनीं त्याला व त्याच्या दोन बहिणींना ममतेनें वाढविलें आणि मुलास घरींच विद्या दिली. पुढें रुआँ शहरीं वडिलांकडे सरकारी करवसुलीचें काम आलें. लांबलचक बेरजा करतां करतां ते थकून जात. पित्याचे ते श्रम पाहून पुत्राचें मन द्रवलें, व १६४२ च्या सुमारास, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या-विसाव्या वर्षीं, त्यानें गणितयंत्राचा उद्योग आरंभिला.

त्या यंत्राच्या पेटींत दांत्यांचीं चाकें होतीं. एक चाक नवावरून शून्यावर आलें, कीं शेजारचें चाक एक घर पुढें सरके. बेरजेंत आपण हातचा धरतों, तो तें यंत्र आपोआप धरी. मनासारखें यंत्र साधेपर्यंत त्यानें सुमारें पन्नास नमुने केले. १६४९ सालीं त्याला राजाज्ञेनें त्याचे विशेष हक्क मिळाले. परंतु किंमत फार असल्यामुळें त्याचा खप बेताचाच झाला.

ता. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्रीं पास्कलला परमेश्वराच्या सान्निध्याचा उत्कट अनुभव आला. त्याचें टांचण त्यानें आपल्या अंगरख्याच्या अस्तरांत शिवून ठेविलें. तें त्याच्या मृत्यूनंतर लोकांना सांपडलें. त्याचे विचार १६७० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. त्यांत त्यानें आपल्या यंत्राविषयीं निःपक्षपातानें मत दिलें आहे. यंत्राचें काम पशूंच्या कोणत्याही कृतीपेक्षां विचाराच्या अधिक जवळ जातें, हें त्यानें मान्य केलें. परंतु पशूंना जशी इच्छा असते, तशी यंत्राला असल्याचें कांहींच दिसत नाहीं, असा त्याचा अभिप्राय होता.

१६६२ सालीं पास्कलनें एका गरीब कुटुंबास आपल्या घरीं आश्रय दिला होता. त्यांतील एका मुलाला देवी आल्या. पास्कल स्वतः फार आजारी होता, आणि त्याच्या शुश्रूषेसाठीं येणाऱ्या बहिणीच्या मुलांना संसर्गाचें भय होतें. त्या आजारी मुलाला बाहेर काढणें सोपें होतें. परंतु त्यास हलविल्यानें त्याच्या जिवाला धोका होईल, म्हणून पास्कलनेंच आपलें घर सोडलें व तो बहिणीकडे राहावयास गेला. तेथेंच ता. १९ ऑगस्ट १६६२ रोजीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, त्याचें देहावसान झालें.

आजचीं यंत्रें दुःखाचे शब्दही बोलतात. त्यांना खरोखर कांहीं वाटतें काय, किंवा पुढें कधीं वाटेल काय, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. पास्कलचें यंत्र मात्र पित्याची बेरीज बिनचूक करी, आणि पिता थकला आहे हें त्याला ठाऊक नसे. तें पुत्राला ठाऊक होतें, म्हणून तर यंत्र जन्मास आलें. मुलांनो, तुमच्या हिशेबांत यंत्रांचें साहाय्य खुशाल घ्या. परंतु घरांत कोण थकलें आहे, हें पाहण्याचें काम प्रभूनें तुमच्याकडे सोंपविलें आहे, तें त्यांच्यावर टाकूं नका.