डेहराडूनच्या वनशाळेचे जनक

भारतीय वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डिट्रिच ब्रँडिस यांच्यापाशी वनशास्त्राची पदवी नव्हती. १८२४ मध्ये जन्मलेले ब्रँडिस जर्मनीतील बॉन विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवीत. १८५६ मध्ये लॉर्ड डलहौसी यांनी ब्रह्मदेशातील पेगूची सागाची वने त्यांच्या हवाली केली. तेथे तोड बेसुमार होती आणि साग किती शिल्लक आहे, याचा हिशेब नव्हता. ब्रँडिस हत्तीवरून रान पालथे घालू लागले. हातात चार काठ्या, प्रत्येक काठी ठराविक जाडीच्या सागासाठी. झाड दिसले की चाकूने खाच. या खाचांवरून सागाचा अंदाज बांधला गेला आणि तोडीला मर्यादा आली.

१८६४ मध्ये ते महानिरीक्षक झाले, पण हाताखाली शिकलेली माणसे नव्हती. इंग्रज तरुणांना फ्रान्स-जर्मनीत शिक्षणासाठी पाठविण्यात येऊ लागले. रेंजर मात्र येथेच घडावेत, या हेतूने १८७८ मध्ये डेहराडूनला वनशाळा निघाली. त्याच वर्षी नवा वनकायदा आला. गावांना स्वतःची वने असावीत, हा ब्रँडिस यांचा आग्रह. सरकारचा कल मात्र बेडन-पॉवेल यांच्या कठोर सरकारी मालकीकडे होता. ग्रामवनांची तरतूद झाली खरी, पण बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांना अंमलबजावणी करावी लागली ती याच कायद्याची.

१८८३ मध्ये निवृत्त होऊन ते बॉनला परतले. अमेरिकेच्या वनसेवेचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचो यांना विद्यार्थिदशेत त्यांचेच मार्गदर्शन लाभले. १९०६ मध्ये ‘इंडियन ट्रीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी बॉन येथे त्यांचे निधन झाले.