तीन महिन्यांची शपथ

१८८४ सालची गोष्ट. डब्लिनमधील एका गुत्त्याबाहेर २८ वर्षांचा मॅट टॅलबॉट ताटकळत उभा होता. काम नसल्याने खिसा रिकामा. पण पगार घेऊन येणारे मित्र आपल्याला आत नेतील, याची त्याला खात्री होती. ज्यांना त्याने आजवर सढळ हाताने पाजली, तेच मित्र त्याला ओलांडून निघून गेले. अपमान जिव्हारी लागलेला मॅट घरी परतला. पाळता येणार असेल तरच शपथ घे, असे आईने बजावले. त्याच दिवशी धर्मगुरूंपुढे पापनिवेदन करून त्याने दारू सोडण्याची शपथ घेतली, तीही तीनच महिन्यांची. आजन्म शपथेचे धाडस होणार तरी कसे? बाराव्या वर्षी मद्यव्यापाऱ्याकडे नोकरीला लागल्यापासून जडलेले हे व्यसन. त्यापायी त्याने रस्त्यावरच्या एका गरीब वादकाचे व्हायोलिनही चोरून विकले होते.

ते तीन महिने जीवघेणे होते. पहाटे मिस्सा, दिवसभर मजुरी आणि पाय गुत्त्याकडे वळू नयेत म्हणून संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थना. मोहाला वाव नको म्हणून पुढे त्याने खिशात पैसे बाळगणेच सोडले. शपथ सहा महिन्यांची झाली, मग आजन्म. उधाऱ्या फिटल्या, तो वादक मात्र शोधूनही सापडला नाही. अखेर त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करण्यास मॅटने पैसे दिले.

७ जून १९२५ रोजी मिस्सेला जाताना लाकडाच्या वखारीतील हा मजूर रस्त्यातच कोसळला. कपड्यांखाली प्रायश्चित्ताच्या साखळ्या आढळल्या, तेव्हा कुठे शहराला त्याची ओळख झाली. १९७५ मध्ये पोप पॉल सहावे यांनी त्याला ‘पूजनीय’ घोषित केले.