कलामहर्षी बाबूराव पेंटर

वर्गमित्रांनो, आपल्या कोल्हापुरात एका माणसाने सिनेमाचा कॅमेरा घरच्या घरी तयार केला होता, हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्यांचे नाव बाबूराव मेस्त्री. लोक त्यांना बाबूराव पेंटर म्हणत. त्यांची माहिती मी आज सांगते.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. शाळा फार झाली नाही. चित्रे काढणे, मूर्ती घडवणे, हे सारे ते बघून आणि करून शिकले. नात्यातले भाऊ आनंदराव यांच्याबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. पुढे दादासाहेब फाळके यांचा सिनेमा बघून दोघांनाही सिनेमाचा ध्यास लागला. पण १९१६ साली आनंदराव वारले. बाबूराव मात्र खचले नाहीत. शिष्य दामले यांना हाताशी धरून त्यांनी १९१८ साली चालणारा कॅमेरा तयार केला.

हे काय सोपं काम नव्हतं! सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म सरळ पळत नाही. ती क्षणभर थांबते, झडप उघडते, चित्र उमटते. झडप मिटते, मग फिल्म एक घर पुढे सरकते आणि पुन्हा थांबते. झडप उघडी असताना फिल्म हलली, की चित्र पुसट झालंच म्हणून समजा. हा क्रम एका सेकंदात १६ वेळा तरी व्हायचा, आणि तोही हाताने दांडा फिरवून.

आता आमच्या वर्गात कोडिंग शिकवतात, म्हणून मला हे नीट कळलं. कोडिंग म्हणजे यंत्राला एकेक पायरी क्रमाने नेमून देणे. बाई एका मुलाला यंत्रमानव करतात आणि बाकीच्यांनी हुकूम सोडायचे : दोन पावलं पुढं, उजवीकडं वळ, थांब. एक हुकूम मागंपुढं झाला की यंत्रमानव भिंतीवर! मग पुठ्ठा, चाकं, छोटी मोटर आणि सेल घेऊन गाडी करायची. बाबूरावांनी तोच क्रम दातेरी चाकांत बसवला होता.

त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी कर्जापायी जमीन गमावलेल्या शेतकऱ्याचे दुःख दाखवले.

त्यांची कंपनी म्हणजे एक शाळाच होती. दामले, फत्तेलाल, शांताराम तिथे पडेल ते काम करत शिकले. १९२९ साली त्यांनी कोल्हापुरातच प्रभात कंपनी काढली. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ पुढे व्हेनिसपर्यंत गाजला. बाबूराव १६ जानेवारी १९५४ रोजी वारले, पण त्यांचं शिकवणं असं पुढं चालत राहिलं.

पालकहो, एक विनंती आहे. बिघडलेलं घड्याळ किंवा सेलवरचं खेळणं भंगारात घालू नका. पान्हा, पेचकस देऊन ते आम्हांला उघडू द्या. चार स्क्रू हरवतील, थोडा पसारा होईल. पण आत काय आहे ते आम्हांला कळेल. पुस्तक वाचून यंत्राचं नाव पाठ होतं. हात घातल्याशिवाय यंत्र कळत नाही.

— इयत्ता सातवी